वनपट्ट्याचा दावा फेटाळला होता, मदत केंद्राचा अनुभव (सुरगाण्याकडचा)

आम्ही कसतो ती जंगलाची जमीन आमच्या नावे व्हावी (म्हणजे वनपट्टा मिळावा) म्हणून आमचा दावा आधी एका एजंटने भरला होता, पाच हजार घेतले आणि कागद अर्धेच लावले, मग उपविभागीय समितीने पुरावा अपुरा म्हणून फेटाळला. नंतर मावसभावाने या वनहक्क मदत केंद्राचं सांगितलं. बाजाराच्या दिवशी बसतात, फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे आपले.

तिथल्या ताई म्हणाल्या घरातले सगळे जुने कागद घेऊन या, फाटके असले तरी. बाबांनी पत्र्याच्या पेटीतून आजोबांच्या नावाची जंगल खात्याची दंडाची पावती काढली, अतिक्रमण केलं म्हणून फाडलेली. आम्ही ती कुणाला दाखवतच नव्हतो, वाटायचं हा आपल्या गुन्ह्याचा कागद. ताई म्हणाल्या, अहो हाच तुमचा पुरावा, तुमचे वडील इथे कसत होते हे खात्यानेच लिहून दिलंय! बाबा किती तरी वेळ ती पावती हातात धरून बसले.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, त्याला दोन तरी पुरावे लागतात, त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पण चालतो, हे एजंटने कधी सांगितलंच नाही. नुसत्या सॅटेलाइटच्या फोटोवर दावा उडवता येत नाही हे पण इथेच कळलं. फेटाळल्याचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचं असतं, ते त्यांनी आमच्यासमोर बसून लिहिलं आणि म्हणाले आधी ग्रामसभेत वाचा, दावा तिथूनच सुरू होतो. मला हे सगळ्यात आवडलं.

तक्रार एकच, जीपीएस मशीन एकच आहे, मोजणीला तीन आठवडे थांबलो आणि पहिल्या नकाशात वरईचा उतार सुटला, परत मोजावं लागलं. आणि सामूहिक हक्काबद्दल, म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, त्याबद्दल फार कमी सांगतात. गडचिरोलीत मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये साधारण १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, आता ग्रामसभा स्वतः बांबू विकते, आमच्याकडे पण हे व्हायला हवं, त्यासाठी नमुना 'क' चा अर्ज नीट समजावून सांगा.

पट्टा नवराबायको दोघांच्या नावे निघतो म्हणून आईचं नाव पण घातलं. अंगठा लावायच्या आधी तिने माझ्याकडून अख्खं अपील दोनदा वाचून घेतलं. पोच मिळाली आहे, सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यातली.