वंशावळ ठेवायची कुठे? फॅमिलीसर्च, विकीट्री की घरचीच फाईल

आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, आम्ही पुण्यात, एक शाखा पणजोबांच्याही आधी मॉरिशसला गेलेली आणि आता चुलतभावंडं न्यू जर्सीत, म्हणजे चार ठिकाणी चार याद्या आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच बरोबर. सगळं एका जागी आणायचं म्हणून मी तिन्ही वापरून बघितलं.

फॅमिलीसर्च ही वंशावळीची वेबसाइट फुकट आहे, अमेरिकेतलं मॉर्मन चर्च चालवतं, आणि नुसतं शोधायचं असेल तर पहिलं तिथेच जा, हरिद्वारचे पंडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवतात त्या वह्यांचे स्कॅनसुद्धा आहेत. पण झाड, म्हणजे वंशवृक्ष, सगळ्या जगाचं मिळून एकच, आणि गेलेल्या माणसाची माहिती अकाउंट असलेला कुणीही बदलू शकतो. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एक पिढी सोडून तोच गणेश विठ्ठल परत येतो, कुणीतरी उत्साहाने दोघांना मर्ज करतं आणि नातवाची बायको आजोबांच्या गळ्यात! हिस्टरी असते, मागे घेता येतं, पण रोज लक्ष कोण ठेवणार.

विकीट्री पण फुकट, २००८ पासून आहे, झाड इथेही एकच. फरक असा की प्रत्येक माणसाच्या पानावर माहिती कुठून आली ते लिहायचंच असतं, आणि १७०० च्या आधी जन्मलेल्यांना हात लावायचा तर आधी छोटी परीक्षा. दिसायला ओबडधोबड आहे, जवळपास सगळं इंग्लिशमध्ये, आई तर दोन दिवसांत कंटाळली. मला मात्र एक गोष्ट फार आवडली, बाईचं पान माहेरच्या आडनावावर उघडतं. आपल्या कुलवृत्तांतात मुलगी म्हणजे एक ओळ, लग्न झालं की गायब, आणि सून आली की नावासकट बदललेली, इथे माझ्या पणजीचं माहेर शोधावंच लागलं.

घरची फाईल म्हणजे ग्रॅम्प्स, फुकट सॉफ्टवेअर, सगळं आपल्या लॅपटॉपवर. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, भांडणं(!) इथेच ठेवा. फक्त बॅकअप घ्या आणि जेडकॉम फाईल (GEDCOM, वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती) काढून भावंडांना पाठवत जा, नाहीतर लॅपटॉप गेला की वंश बुडाला. पैसे भरायच्या साइट्सबद्दल एवढंच, न्यू जर्सीवाल्यांना अमेरिकेतली कागदपत्रं मिळाली, कोकणातलं काही नाही.

माझा कौल विकीट्रीला, कारण देश बदलला की भाषा, स्पेलिंग सगळं बदलतं आणि भांडण मिटवतो तो कागदच. मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, रजिस्टरं आहेत, त्यात माणसाचा नंबर, बापाचं नाव, गाव, जहाज. तो नंबर सोर्समध्ये टाकला की पुण्यातल्या काकांनाही गप्प बसावं लागतं. आपल्या बाजूने त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही बघितली तर कोणाची वही, कधी बघितली, कुठलं पान हे तिथल्या तिथे लिहून घ्या, फोटो विचारून काढा. आत्याने सांगितलेलं पण चालतं, पण ‘आत्याने सांगितलं, अमुक तारखेला’ असंच लिहा, ‘सर्वांना माहीत आहे’ असं नाही.

१८०० च्या मागचं मी अजून काहीच टाकलेलं नाही, ते कागद मोडीत आहेत आणि मला सध्या मोडीतलं जेमतेम स्वतःचं नाव लिहिता येतं.