रेकॉर्ड की रिमास्टर्ड सीडी? भाचीच्या तीस हजारांचा प्रश्न

भाचीला बोनस मिळाला आणि तिने विचारलं, "मामा, रेकॉर्ड प्लेअर घेऊ की तुझ्यासारख्या सीड्या जमवू? तीस हजार आहेत. आवाज कशाचा चांगला तेवढं सांग, जुन्या आठवणी नकोत." आठवणींचाच साठा जास्त असल्यामुळे मी जरा खट्टू झालो, पण प्रश्न रास्त होता. मग दोन रविवार माझ्या कर्वेनगरच्या घरी बसून आम्ही एकेका जुन्या रॉक अल्बमची एलपी (मोठी रेकॉर्ड) आणि सीडी आलटून पालटून लावली.

पहिल्या रविवारचे निकाल फेकून द्यावे लागले. सीडी सारखी जिंकत होती, आणि कारण एवढंच की ती मोठ्याने वाजत होती. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'जास्त स्वच्छ' किंवा 'जास्त दमदार' म्हणून कळतो. दुकानात कुणी तुलना करून दाखवत असेल तर आधी हे बघा. दुसऱ्या रविवारी मोबाइलवर डेसिबल मोजून गाण्याचा तोच तुकडा दोन्हीकडे सारख्या पातळीवर आणला, आणि निकाल अल्बमगणिक बदलायला लागले.

कागदावर बघायचं तर सामना एकतर्फी आहे. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून प्रत्येक माप १६ बिटच्या आकड्यात लिहिणारी. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर तिच्यात सुमारे ९६ डेसिबल मावतं. चांगल्या एलपीत ते ६० ते ७० च्या आसपास. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) लावला की हे लगेच कळतं. सुरुवातीला शांततेतून हृदयाचे ठोके हळूहळू वर येतात. सीडीवर ते खरोखर शून्यातून येतात. माझ्या एलपीवर मोहरी तडतडत असताना कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं. रेकॉर्ड धुतली तरी तडतड थोडी उरतेच.

एलपीची दुसरी अडचण कुणी विकताना सांगत नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे ठरलेल्या गतीने घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, तर आत लेबलजवळ जेमतेम २० च्या वर. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फिसकटतात, मोठा कोरस चिरकतो. आता क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, त्यामुळे आम्हा पुणेकरांना क्वीनबद्दल उगाचच घरचा अभिमान. पण त्यांच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरी येते. ज्या गाण्यासाठी रेकॉर्ड काढायची, नेमकं तेच सुईच्या सगळ्यात अडचणीच्या जागी! थरांवर थर चढवलेले ते आवाज सीडीवर सुटे सुटे ऐकू येतात. माझ्या एलपीवर त्यांचा गोळा होतो. लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममध्ये 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, आणि तेही शेवटाकडे चढत जाणारं. उलट ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' त्याच नावाच्या अल्बममध्ये पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं. ते एलपीवर इतकं सुंदर वाजलं की भाचीने फोन खाली ठेवला. हल्ली एवढं पुरे.

मग सगळे रेकॉर्डच्या नावाने उसासे का टाकतात? याचं उत्तर तबकडीपेक्षा 'रिमास्टर्ड' या शब्दात जास्त आहे. मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा (सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवलेल्या गाण्यावरचा) शेवटचा हात: किती बेस, किती ट्रेबल, किती मोठा आवाज. रिमास्टर म्हणजे जुन्या टेपवर तो हात पुन्हा फिरवणं, आणि तो कुणाचा आणि कुठल्या साली फिरला यावर सगळं अवलंबून. नव्वदीच्या मध्यापासून पुढे कंपन्यांमध्ये मोठ्या आवाजाची चढाओढ लागली. हळू भाग उचलायचे, उंच टोकं छाटायची, म्हणजे रेडिओवर आपलं गाणं शेजारच्यापेक्षा दणकून वाजेल. ९६ डेसिबलचं मैदान हाताशी असताना सगळा खेळ शेवटच्या काही डेसिबलमध्ये. गायक इगी पॉपने स्वतः १९९७ मध्ये आपल्या 'रॉ पॉवर' अल्बमचं (१९७३) जे नवं मिक्स केलं ते इतकं चढवलेलं आहे की फाटतं. २०१० च्या आवृत्तीत डेव्हिड बोवीचं मूळ मिक्स परत आलं. दोन्ही सीड्याच, एक ऐकवत नाही आणि दुसरी ठीक आहे. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) आपल्या विषयातला नाही, पण पुरावा म्हणून घ्या: चाहत्यांना सीडीपेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी बरी वाटली, कारण तिथे टोकं छाटलेली नव्हती. गेममधला आवाजही डिजिटलच होता, म्हणजे दोष डिजिटलचा नव्हता.

एलपी कापताना अशी दांडगाई कमी चालते. खोल बेस डाव्या-उजव्या बाजूंत फार फाकला तर सुई उडते, तीक्ष्ण ट्रेबल फार वाढवला तर कापणारं यंत्रच अडतं. म्हणून इंजिनियरला हात आखडता घ्यावा लागतो, आणि ज्याला लोक 'उबदार' म्हणतात त्यातला बराचसा भाग हा आखडता हात आहे. पण तीच छाटलेली फाइल रेकॉर्डच्या कारखान्यात पाठवली तर एलपीवरही ती छाटलेलीच राहते.

'रेकॉर्ड म्हणजे शुद्ध अ‍ॅनालॉग' (म्हणजे आवाज कुठेही आकड्यांत न बदललेला) हाही गैरसमज काढून टाका. २०१२ मध्ये आलेल्या बीटल्सच्या स्टीरिओ एलपी २४ बिटच्या डिजिटल फाइलींवरून कापलेल्या आहेत. २०१४ च्या मोनो एलपी मात्र खरोखर मूळ टेपवरून. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी आपल्या महागड्या रेकॉर्ड काही वर्षं मधल्या डिजिटल टप्प्यातून काढत होती. तोवर मोठमोठे कानवाले 'अ‍ॅनालॉगची जादू' ऐकत होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) हवा असेल तर विचारच करू नका. तो डिजिटल यंत्रावरच ध्वनिमुद्रित झाला, आणि मूळ एलपीत मावावा म्हणून काही गाणी कापावी लागली. सीडीवर ती पूर्ण आहेत.

आता पैसे आणि पुणं. नवी परदेशी एलपी अडीच-तीन हजारांच्या खाली क्वचित मिळते. तीस हजारांत बरा टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) येईल, पण फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, कारण रेकॉर्ड कापताना बेस दाबून ट्रेबल वाढवलेला असतो आणि वाजवताना ते उलटं करावं लागतं. सूटकेससारखे गोंडस प्लेअर घेऊ नका. चांगल्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दीड-दोन ग्रॅम भार पुरतो, तिथे हे बरेच जास्त दाबतात आणि रेकॉर्ड झिजवतात. जुन्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावरून येणाऱ्या रॉक एलपी बहुतेक दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्ही असतात. त्यातल्या काही छान वाजतात, पण आधीच्या मालकाने कसली सुई फिरवली आहे ते देव जाणे. उजेडात तिरकी धरून बघा. जुलै-ऑगस्टात कागदी पाकिटांवर बुरशी येते, तेव्हा आतलं पाकीट बदला. माझा एक मित्र पेठेतल्या वाड्यात राहतो; तिथली लाकडी जमीन अशी की वहिनी चहा घेऊन आल्या की सुई दोन ओळी पुढे जाते.

सीडीकडे ही कटकट नाही. घरातला पडीक डीव्हीडी प्लेअरही सीडी वाजवतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर बरा असेल तर दोन रिमास्टरमधला फरकही सहज ऐकू येतो. विकत घेताना मागचं साल वाचा. ऐंशीच्या दशकातल्या किंवा नव्वदीच्या सुरुवातीच्या सीड्या आवाजाने हळू वाटतात. नॉब थोडा फिरवला की झालं. २००० च्या आसपासच्या रिमास्टरकडे संशयाने बघा. बीटल्सचे २००९ चे आणि गिटारवादक जिमी पेजने स्वतः लक्ष घातलेले झेपलिनचे २०१४-१५ चे रिमास्टर बिनधास्त घ्या. शंका आली तर गाणं संगणकावर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा: आवाजाच्या आलेखात डोंगरदऱ्या दिसल्या तर ठीक, वीट दिसली तर परत ठेवा.

तीस हजार हाताशी असतील तर माझं मत सीडीकडे झुकतं, आणि चाळीस मिनिटं एका जागी बसून ऐकायची सवय असेल तरच रेकॉर्डकडे. भाचीला मी हे सांगितलं. तिने तीनशे रुपयांना 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची जुनी सीडी आणली, डबीचं झाकण तुटलेली. प्लेअर अजून घेतलेला नाही. दर रविवारी येते, माझी एलपी लावायला सांगते आणि सीडी पिशवीतच राहते.