क्रूझच्या केबिनमध्ये पाहायचं कशावर? टीव्ही, जहाजाचं वायफाय, स्टिक की भरून नेलेला टॅब

सात रात्रींच्या क्रूझवर केबिनमध्ये पडद्यासमोर बसायला तसा थोडाच वेळ मिळतो. संध्याकाळी थिएटरमधला शो, मग जेवण, मग डेकवर एक फेरी. उरतो तो झोपण्याआधीचा तास-दीड तास, समुद्रातल्या दिवसाची दुपार, आणि मुलांना किंवा आईबाबांना खोलीतच पडून राहावंसं वाटतं ती वेळ. त्यासाठी चार पर्याय आहेत. केबिनमधला टीव्ही आहे तसा वापरायचा. जहाजाचं इंटरनेट घेऊन मोबाइलवर स्ट्रीमिंग करायचं. त्याच टीव्हीला आपली स्टिक (टीव्हीत खोचून स्ट्रीमिंग करायचं छोटं उपकरण) किंवा एचडीएमआय केबल लावायची. नाहीतर घरूनच डाउनलोड भरलेला टॅब न्यायचा. मी चारही वापरले आहेत आणि आता चौथ्यावर स्थिरावलो आहे. गरजा वेगळ्या असतात हे मान्य, म्हणून आधी बाकीच्या तिघांची बाजू.

फुकटचा टीव्ही दिसतो त्यापेक्षा कामाचा असतो. जहाज कुठे आहे तो नकाशा, वेग, वाऱ्याची दिशा, उद्याच्या बंदराची माहिती, खोलीचं बिल हे सगळं बहुतेक जहाजांवर टीव्हीवरच दिसतं. करोनानंतर बऱ्याच कंपन्यांनी सुरक्षेची कवायत बदलली. आता सूचनांचा व्हिडिओ ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर पाहायचा आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. म्हणून खोलीत शिरल्यावर टीव्ही एकदा तरी लावाच. बिनखिडकीची केबिन घेतली असेल तर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचा चॅनेल शोधा, आवाज बंद करा, उजेड कमी करा आणि रात्रभर चालू ठेवा. बाहेर उजाडलं की खोलीतही कळतं. बिनखिडकीच्या खोलीत सकाळचे आठ आणि रात्रीचे दोन सारखेच काळोखे असतात, आणि त्यावर याहून स्वस्त उपाय नाही. डिस्नेने २०११ मध्ये 'डिस्ने ड्रीम' जहाजावर अशा केबिनसाठी गोल आभासी खिडक्या आणल्या. रॉयल कॅरेबियनने २०१४ मध्ये 'नॅव्हिगेटर ऑफ द सीज'वर जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंतचा ८० इंची पडदा आभासी बाल्कनी म्हणून बसवला. अशी केबिन मिळत असेल आणि भाड्यातला फरक परवडत असेल तर जरूर विचार करा.

चित्रपटांचं मात्र कंपनीवर अवलंबून आहे. डिस्नेच्या जहाजांवर त्यांचे स्वतःचे चित्रपट, पिक्सार आणि मार्व्हलसह, हवे तेव्हा आणि फुकट पाहता येतात. लहान मुलं बरोबर असतील आणि इंग्रजी चालत असेल तर तिथे वेगळं काही न्यायची गरजच नाही. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवरही मागणीनुसार पाहायचे चित्रपट फुकट असतात. काही कंपन्या मात्र चित्रपटामागे पैसे घेतात आणि ती रक्कम थेट खोलीच्या खात्यावर चढते. मुलांच्या हातात रिमोट देण्याआधी रिसेप्शनला सांगून ही खरेदी बंद करून घ्या. मराठी काही मिळेल ही आशा ठेवू नका, आणि हिंदी मिळालं तर नशीब. चौघांच्या केबिनमध्ये आणखी एक अडचण येते. वरच्या घडीच्या बर्थवर झोपणाऱ्याला टीव्ही दिसतच नाही किंवा मान वाकडी करून पाहावा लागतो, आणि ज्याला झोपायचं आहे त्याच्या डोळ्यांवर मात्र उजेड येत राहतो.

जहाजाचं इंटरनेट गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारलं आहे. पूर्वी सगळं विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असलेल्या भूस्थिर उपग्रहांवर चालायचं. विनंती तिथून जमिनीवर जाऊन उत्तर त्याच वाटेने परत येण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जायचा, त्यात हजारो प्रवाशांत एकच वाट. २०२२ मध्ये रॉयल कॅरेबियनने आपल्या जहाजांवर स्टारलिंक हे उपग्रह इंटरनेट बसवणार असल्याचं जाहीर केलं, मग कार्निव्हल, नॉर्वेजियन, प्रिन्सेस अशा इतरांनीही ते घेतलं. त्याचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे व्हिडिओ कॉलही आता बऱ्यापैकी चालतो. अलास्कातल्या किंवा नॉर्वेतल्या अरुंद खाड्यांमध्ये दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहिले की नेट अजूनही अडखळतं. पण तिथे पडद्याकडे पाहायला कोणी गेलेलं नसतं.

अडचण पैशांची आणि हक्कांची. पॅकेज एका उपकरणासाठी दिवसाला साधारण १५ ते ३० डॉलरच्या घरात जातं आणि बहुधा पूर्ण सफरीसाठीच घ्यावं लागतं. घरबसल्या आधी घेतलं तर स्वस्त पडतं. कंपनी दोन-तीन दर्जांचे प्लॅन विकत असेल तर नाव नीट वाचा. एमएससी या क्रूझ कंपनीचे 'ब्राउज' आणि 'ब्राउज अँड स्ट्रीम' हे दोन वेगळे प्लॅन आहेत आणि पहिला व्हिडिओसाठी नाही. पैसे भरून झाल्यावर दुसरी गोष्ट लक्षात येते: जहाजाचं नेट तुम्हाला भारतात दाखवत नाही. घरी रोज पाहत असलेली मराठी मालिका, जिओहॉटस्टार, झी५ यांपैकी काय उघडेल आणि काय 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' म्हणेल, हे जहाजाचं नेट कोणत्या देशाच्या इंटरनेट पत्त्यावरून बाहेर पडतं त्यावर ठरतं. व्हीपीएनने (आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवणाऱ्या ॲपने) हे सुटेल असं धरून चालू नका, कारण बऱ्याच पॅकेजमध्ये व्हीपीएन अडवलेलं असतं. तरीही थेट क्रिकेट सामना पाहायचाच असेल तर नेटला पर्याय नाही. तेवढ्यासाठी एकाच फोनवर, आणि मिळत असेल तर एकाच दिवसाचं पॅकेज घ्यावं. कोणताही पर्याय निवडा, जहाज बंदरातून सुटलं की सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू करा. नाहीतर फोन जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो, आणि ते रोमिंग साध्या परदेशी पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं.

आता तो पर्याय, जो कागदावर सगळ्यात चांगला दिसतो: आपली फायर स्टिक नाहीतर एचडीएमआय केबल न्यायची आणि केबिनच्या मोठ्या पडद्यावर आपलंच पाहायचं. माझं मत याच ठिकाणी ठरलं.

केबिनमधला टीव्ही दुकानातल्या टीव्हीसारखा मोकळा नसतो. तो हॉटेल मोडमध्ये, म्हणजे पाहुण्यांना सेटिंग बदलता येऊ नये असा, बांधलेला असतो. रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटणच नसतं, किंवा असून चालत नाही. टीव्हीच्या अंगावरची बटणंही बऱ्याचदा कुलूपबंद असतात. टीव्ही भिंतीला इतका चिकटवलेला असतो की मागे बोट जात नाही, आणि पोर्ट खालच्या बाजूला असला तर स्टिकच्या लांबीला जागा पुरत नाही. त्यासाठी एचडीएमआयचा छोटा लवचिक जोड नेला तरी इनपुट बदलता येईलच असं नाही. काही जण साधा युनिव्हर्सल रिमोट किंवा इन्फ्रारेड असलेला शाओमीचा फोन वापरून सोर्स बदलतात. कधी जमतं, कधी नाही. एकाच जहाजावर शेजारशेजारच्या दोन खोल्यांत वेगळे टीव्ही असू शकतात, म्हणून गेल्या वर्षी कोणाचं तरी जमलं होतं या माहितीचाही फारसा उपयोग होत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: मागे आधीपासून लावलेली केबल उपटून तिथे आपली लावू नका. बहुतेक ठिकाणी टीव्हीचं सगळं त्या केबलवरून येतं. ती निघाली की पडदा रिकामा होतो, आणि पुन्हा लावली तरी कधीकधी कर्मचाऱ्याला येऊन तो सुरू करून द्यावा लागतो. कुलूप उघडण्याचे सर्व्हिस मेनू शोधण्याच्या फंदातही पडू नका.

समजा इनपुट मिळालं. तरी स्टिकला नेट हवं. जहाजाच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान उघडतं. फायर स्टिकमध्ये असं पान उघडण्याची सोय आहे, रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टमध्ये ती नाही. शिवाय जहाजाच्या नेटवर्कवर सहसा एक उपकरण दुसऱ्याला दिसू देत नाहीत, त्यामुळे फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं तिथेच अडतं. स्टिक लॉगिन झालीच तर पॅकेजमधलं एक उपकरण तिच्यात गेलं. छोटा राउटर नेऊन हे सोडवायचा बेत असेल तर सामानाच्या तपासणीत तो काढून घेतला जाऊ शकतो. बऱ्याच कंपन्यांच्या मनाई यादीत तो आहे.

केबलचं गणित थोडं बरं आहे, कारण तिला नेट लागत नाही. पण यूएसबी-सी असलेला प्रत्येक फोन चित्र बाहेर देत नाही. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. आयफोन १५ पासून पुढच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो आहे. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत आणि टॅब एसच्या मुख्य मॉडेलमध्ये आहे, पण टॅब एस६ लाइट, एस९ एफई किंवा टॅब ए यांत नाही. मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्येही नसतो. स्वस्त जोडणीने चित्र आलं तरी नेटफ्लिक्स किंवा प्राइम लावल्यावर पडदा काळा आणि फक्त आवाज, असं होऊ शकतं. त्या ॲपना केबलच्या दोन्ही टोकांना एचडीसीपी नावाचं, नक्कल रोखणारं संरक्षण लागतं.

मला खटकलं ते हेच. बाकी सगळ्या पर्यायांतली अडचण घरी बसून सोडवता येते. इथे सगळी तयारी करूनही पोर्ट हाताला लागेल का, हे केबिनचं दार उघडेपर्यंत कळत नाही, आणि तोवर मुंबई मागे राहिलेली असते. ज्यांच्याकडे केबल आणि योग्य फोन आधीच आहे त्यांनी बॅगेत टाकायला हरकत नाही, वजन नगण्य आहे. पण तिच्या भरवशावर बाकीची सोय टाळू नये, असं मला वाटतं.

भरून नेलेला टॅब घरच्या सोफ्यावरच पूर्ण तपासता येतो. दहा-अकरा इंची पडदा पलंगावर दोघांना पुरतो. साध्या दर्जात एका तासाला सुमारे अर्धा ते एक जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबी मोकळी असली तरी आठवडाभराचं सहज मावतं. मेमरी कार्ड बसत असेल तर नेटफ्लिक्स आणि प्राइम दोन्हींच्या सेटिंगमध्ये डाउनलोड कार्डवर ठेवायची सोय आहे.

इथेही एक खाच आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. डाउनलोड कायमचं नसतं. प्राइमवर सहसा ३० दिवस मिळतात, पण एकदा प्ले केलं की ४८ तासांत संपवावं लागतं. नेटफ्लिक्सवर काही गोष्टी सात दिवसांत संपतात, काहींना प्ले केल्यापासून ४८ तास मिळतात. म्हणून सगळं डाउनलोड निघायच्या आदल्या दिवशी करा. मग टॅब विमान मोडवर टाकून प्रत्येक ॲपमधलं एकच काहीतरी उघडून पाहा. प्रत्येक चित्रपट उघडून 'चालतोय ना' पाहिलंत तर तिथेच ४८ तासांचं घड्याळ सुरू होतं आणि समुद्रात गेल्यावर तो चित्रपट बंद झालेला आढळतो. मालिकेचे सगळे भाग एकाच वेळी उघडू नका, आणि अर्धवट टाकलेला चित्रपट दुसऱ्या रात्री पूर्ण करा. ॲपमधून लॉगआउट होऊ नका, कारण लॉगआउट झालं की डाउनलोडही जातं. भारतात उतरवलेलं परदेशात कधीकधी चालत नाही, म्हणून पूर्ण भार एकाच ॲपवर टाकू नका. फोनवरचे घरचे व्हिडिओ, लग्नाचं चित्रीकरण, स्वतः विकत घेतलेली गाणी अशा मुदत नसलेल्या फाइलही थोड्या ठेवा. आईबाबांना त्याच जास्त आवडतात.

जहाजाच्या भिंती सहसा लोखंडी असतात. मागे चुंबक असलेला टॅबचा स्टँड किंवा दोन चांगली चुंबकी हुक नेली तर टॅब डोळ्यांच्या उंचीवर लावता येतो, अगदी वरच्या बर्थवरही. दोघांसाठी आवाज वेगळा हवा असेल तर सॅमसंगमध्ये ड्युअल ऑडिओ आहे, ॲपलमध्ये ऑडिओ शेअरिंग. इअरफोनची साडेतीन मिलिमीटरची जागा असेल तर साधा दुशाखी जोडही चालतो. शेजारी झोपलेल्याला काही कळत नाही, आणि माझ्या लेखी ही टीव्हीपेक्षा मोठी सोय आहे.

चार्जिंगकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याच जहाजांवर अमेरिकी दोन चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं सॉकेट असतं, सोबत कधी युरोपीय गोल पिनांचंही. एक ६५ वॅटचा दोन-तीन पोर्टचा चार्जर आणि साधा प्लग बदलणारा ॲडॉप्टर पुरतो. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा भाग) असलेली पट्टी नेऊ नका. जहाजाची वीजव्यवस्था घरासारखी एक तार जमिनीला जोडलेली नसते, त्यामुळे अशी पट्टी बिघाडात तापून आग लागण्याचा धोका असतो आणि तपासणीत ती जप्त होते. काही कंपन्यांनी आता साध्या एक्स्टेंशनवरही बंदी घातली आहे. काही नव्या जहाजांवर दाराजवळच्या खाचेतून खोलीचं कार्ड काढलं की खोलीतली वीज जाते, मग दिवसभर चार्जिंगला लावलेला टॅब संध्याकाळी तसाच रिकामा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते. ती मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची.

मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझने दोन-तीन रात्री गोव्याला जाणार असाल तर एवढाही खटाटोप नको. टॅबवर दोन चित्रपट आणि मुलांसाठी चार-पाच भाग भरा, इअरफोनच्या दोन जोड्या घ्या. नेटचं पॅकेज फक्त कामाचे ईमेल पाहणं भाग असेल तरच. स्टिक घरच्या टीव्हीला लावलेली तशीच राहू द्या.