पॅलाटिनो: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. संशोधनाचं पुस्तक असलं की इंग्रजी उतारे, संदर्भसूची, वनस्पतींची लॅटिन नावं येतातच. त्यासाठी आधी डोळे झाकून टाइम्स हा फॉन्ट लावायचो. गेल्या पावसाळ्यापासून पॅलाटिनो लिनोटाइप लावतोय. विंडोजबरोबरच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

फरक स्क्रीनवर नाही, छापून आल्यावर कळला. आमची बरीचशी कामं शाई पिणाऱ्या स्वस्त कागदावर होतात. तिथे टाइम्सच्या बारीक ‘ए’ आणि ‘ई’ची पोटं भरून काळी होतात, पॅलाटिनोची मोकळी राहतात. राहणारच. हरमान त्साप्फ या जर्मन अक्षररचनाकाराने १९५० च्या सुमारास हा टाइप, म्हणजे छपाईचा अक्षरसंच, काढला तेव्हा युद्धानंतरच्या जर्मनीत कागद यथातथाच मिळायचा. ते धरूनच त्याने अक्षरं रुंद आणि उघडी ठेवली. फ्रँकफुर्टच्या स्टेम्पेल या टाइप ओतणाऱ्या कारखान्यात ऑगुस्ट रोझेनबर्गरने त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, हाताने कापले.

त्साप्फ कुठल्या कलाशाळेतून आलेला नाही. जन्म १९१८ चा, न्यूरेम्बर्गचा. व्हायचं होतं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पण वडील कामगार संघटनेतले, त्यामुळे नाझी आल्यावर ते दार बंद झालं आणि पोरगा फोटो-रिटचिंगच्या उमेदवारीला लागला. १९३५ साली रुडॉल्फ कॉख या सुलेखनकाराच्या कामाचं प्रदर्शन पाहिलं, सुलेखनाची पुस्तकं मिळवली आणि घरीच निब घेऊन बसला. पॅलाटिनोचा मोठा ‘पी’ झूम करून बघा: गोलाई खाली दांड्याला टेकतच नाही, हात मध्येच उचलल्यासारखी थांबते. ज्याने आयुष्यभर लेखणी धरली त्यालाच हे सुचणार.

देवनागरीशेजारी मात्र हीच लेखणी जरा नडते. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड. आपला बोरू उलट्या कापाचा, त्यामुळे आपली जाडी उजवीकडून डावीकडे उतरते. एकाच ओळीत दोन्ही आले की डोळा अडखळतो. इंग्रजी दीड-दोन पॉइंटने लहान केलं की बरंच निभावतं.

तक्रारी आहेत. अक्षर ऐसपैस, त्यामुळे इंग्रजी जास्त असेल तर पानं वाढतात, आणि पानं फर्म्याबाहेर (एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याबाहेर) गेली की प्रकाशकाचा फोन आलाच. इटॅलिक देखणं, पण अरुंद. लांबलचक उतारा त्यात लावू नये. लेखकांच्या फायली बऱ्याचदा बुक अँटिक्वा या फॉन्टात येतात. तो पॅलाटिनोशी इतका मिळताजुळता, की त्याच्या प्रसारावर चिडून त्साप्फने १९९३ मध्ये टाइपवाल्यांची एटिपआय ही संस्थाच सोडली. फाइल आली की मी आधी फॉन्ट बदलतो. ओळी थोड्या इकडेतिकडे सरकतात, तेव्हा प्रूफ पुन्हा काढावं लागतं.

तळटिपांना अजून टाइम्सच लावतो. तिथे जागा वाचणं जास्त महत्त्वाचं.