स्कोपचं स्टँड मागवलं, माइकचं आलं

घरात कुणी रायफल शूटिंग करतंय आणि स्पॉटिंग स्कोपसाठी, म्हणजे टार्गेटवरचं भोक बघायच्या दुर्बिणीसाठी, स्टँड घ्यायचा विचार चालू आहे, अशांसाठी हे लिहितोय. त्यातही आपल्या लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या पालकांसाठी. कारण हे स्टँड हातात घेऊन, हलवून बघावं असं दुकान आपल्याकडे नाही. २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (तीन वेगवेगळ्या बैठकीतून मारायचा प्रकार) ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडेही पोरापोरींनी रायफल हातात घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक वाढलं, तसे मोबाइलवर फोटो दाखवून काहीही गळ्यात मारणारेही उगवले.

आधी हे स्टँड लागतं कशाला ते सांगतो, म्हणजे गोम कुठे आहे ते कळेल. ५० मीटरच्या रायफल टार्गेटचं काळं वर्तुळ ११२.४ मिलिमीटरचं, त्यातली दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि आमच्या पॉइंट टू टू रायफलची गोळी ५.६ मिलिमीटरची. काळ्यावर पडलेलं एवढंसं भोक तेवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, शॉट कुठे लागला ते शेजारच्या स्क्रीनवर येतं. आमचा सराव कागदावर, म्हणून स्कोप.

आता प्रोन, म्हणजे पालथं पडून मारताना स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, दंडाला आवळलेली असते, डावं कोपर चटईवर रुतवलेलं असतं. ही बैठक मोडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवत बसा. म्हणून स्कोपची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं टोक, डाव्या डोळ्याजवळ, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर आणावी लागते. मान किंचित वळवली की भोक दिसलं पाहिजे. फोटोग्राफरच्या ट्रायपॉडचे पाय तिथे आडवे येतात आणि त्यातले बरेचसे इतके खाली बसतही नाहीत. त्यामुळे शूटिंगच्या स्टँडची रचनाच वेगळी असते: जड बूड, उभा रॉड आणि रॉडवर वरखाली सरकणारा आडवा हात. थ्री पोझिशनमध्ये आधी नीलिंग (गुडघ्यावर बसून), मग प्रोन, मग स्टँडिंग (उभं राहून). म्हणजे तेच स्टँड पार खाली न्यायचं आणि पुन्हा उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत चढवायचं. जर्मनी-अमेरिकेत अशी खास स्टँड मिळतात, पण कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून तो खर्च आपल्या आवाक्यातला नसतो.

माझी पुतणी ५० मीटर मारते. तिच्यासाठी शोधताना एक जाहिरात दिसली. फोटो फक्कड, ‘प्रोन टू स्टँडिंग’, ‘इम्पोर्टेड’, किंमत ८,६०० रुपये. मी फोन लावून एकेक गोष्ट विचारली. स्कोप सव्वा किलोचा आहे, आडव्या हातावर पेलेल का? “सर, दोन किलो आरामात.” खाली किती येतं? “सर, एकदम जमिनीला.” स्क्रूचा आटा कोणता? “युनिव्हर्सल.” पैसे यूपीआयवर मागितले, तेही फर्मच्या खात्यावर नाही, एका बाईंच्या नावावर. विचारलं तर उत्तर तयार: “आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत.”

पार्सल वेळेवर आलं, हे मान्य करावं लागेल. आत काळं रंगवलेलं, तीन पायांचं, आडव्या दांडीचं स्टँड. लांबून बघितलं तर जवळपास फोटोतल्यासारखंच. दांडीच्या टोकाला एक पितळी तुकडा आणि त्यातून पाव इंची स्क्रू वर आलेला. तुकडा जरा तिरका वाटला म्हणून नखाने खरवडलं, तर रंगाखालून राखाडी एम-सील (भेगा बुजवायची लांबी) निघालं. मूळचा आटा चांगलाच जाड होता. त्यात हा तुकडा लिंपून बसवला होता आणि वरून स्प्रे मारला होता.

लातूरच्या गंजगोलाईजवळ साउंडचं सामान दुरुस्त करणारे एक ओळखीचे मामा आहेत, त्यांच्याकडे ते घेऊन गेलो. त्यांनी ते नुसतं उचललं आणि हसायला लागले. “सर, हे तर माइकचं स्टँड हाय की आपलं! बूमचं. सप्त्यात महाराजांपुढं ठिवतेत तसलं.” दुकानातलं तसलंच एक काढून त्यांनी शेजारी उभं केलं. पायांची रबरी टोपणं तीच, मधल्या जोडाची प्लॅस्टिकची फिरकी तीच, फिरकीवरच्या खाचासुद्धा मोजून सारख्या. फक्त माइकची क्लिप काढलेली. असलं स्टँड हजार-दीड हजारात मिळतं.

कुणी म्हणेल, काम भागत असेल तर माइकचं असलं म्हणून काय बिघडलं? भागत नाही, म्हणून तर बोंब आहे. गाण्याचा साधा हातातला माइक तीनेकशे ग्रॅमचा असतो. ती दांडी आणि तो जोड तेवढ्याच वजनासाठी केलेला असतो. त्यावर सव्वा किलोचा स्कोप लांबवर टांगला की फिरकी कितीही आवळा, दांडी हळूहळू खाली येते. त्याहून त्रासदायक म्हणजे ती स्वतःभोवती फिरते आणि स्कोपचं नाक जमिनीकडे जातं. पुतणी सांगत होती, “काका, टार्गेट वर पळतंय.” पळत काही नव्हतं, स्कोप वाकत होता. उभा पाइप पूर्ण खाली दाबला तरी उंची मांडीपर्यंत. दांडी उलटी खाली झुकवून प्रोनची उंची गाठायला गेलो, तर हलक्या बुडामुळे स्टँड कलंडलं. मी हात घातला म्हणून लेन्स वाचली. आणि स्कोप जितक्या पटीने टार्गेट मोठं करतो, तितक्याच पटीने थरथरही मोठी करतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की भोक सोडा, रिंगाही धड दिसत नव्हत्या.

परत घ्या म्हटल्यावर खरा खेळ सुरू झाला. आधी, “अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा.” मी पार्सल फोडतानाच सलग व्हिडिओ काढला होता, तो पाठवला. मग, “यात लेबल स्पष्ट दिसत नाही.” लेबलचा वेगळा फोटो दिला. मग, “परतीच्या कुरिअरचे ६५० आधी भरा.” ते भरायला नकार दिल्यावर एकदम गोड आवाजात, “ठीक आहे सर, रिफंडचा क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका.” इथे सगळ्यांनी कान टवकारा. पैसे खात्यात यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. मी हे फोनवर बोलून दाखवलं, त्यानंतर तो नंबर मला लागला नाही.

पार्सलमध्ये बिलही होतं, जीएसटी नंबरासकट. तो नंबर १५ अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. बिलावरचा पत्ता पुण्याचा आणि नंबर ०७ ने सुरू होणारा! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून शोधता येतं. तिथे तो नंबर भलत्याच नावाचा निघाला आणि नोंदणी रद्द झालेली. एवढी शोधाशोध करायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याकडून जीएसटी नंबर लेखी मागून घ्या. खरा व्यापारी तो लपवत नाही.

ऑनलाइन पैसे उडवले गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. माल भलताच आला, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. मी दोन्हीकडे नोंद केली आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारही दिली. बऱ्याच जणांना माहीत नसतं की विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असंही नाही. माझ्या प्रकरणाचा निकाल अजून लागायचा आहे.

स्टँड घेताना फोटो, स्पेसिफिकेशन सगळं बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडून एक व्हिडिओ मागा. आडवा हात पूर्ण लांब काढलेला, टोकाला सव्वा-दीड किलोचं वजन (पाण्याची बाटली चालेल), शेजारी मोजपट्टी, आणि हात सगळ्यात खालच्या उंचीवर. कॅमेरा तसाच पाचेक मिनिटं चालू ठेवायचा. वजन खाली आलं नाही, बूड उचललं गेलं नाही, तर पुढचं बोलायचं. “युनिव्हर्सल” आटा असं काही नसतं. स्कोपचा आटा सहसा पाव इंचाचा, इंचाला २० आटे, आणि काही मोठ्या स्कोपना तीन अष्टमांश इंचाचा. कुणी एम-सिक्सचा, म्हणजे सहा मिलिमीटरचा, बोल्ट घालून देत असेल तर घेऊ नका. तो सैल बसतो आणि स्कोपचा आटा खराब करतो.

आम्ही शेवटी एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून स्टँड करून घेतलं. १६ मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत लोखंडी गज), मीटरला दीड किलोहून थोडा जास्त भरतो. खाली दहा मिलिमीटर जाडीची, २५ सेंटिमीटर चौरस लोखंडी प्लेट, तिचंच वजन पाच किलोच्या घरात. हाताला लोखंडी क्लॅम्प आणि ॲलन बोल्ट. प्रोन आणि नीलिंगला अखंड रॉड, स्टँडिंगसाठी वरून आट्याने जोडायचा दुसरा तुकडा. दिसायला ओबडधोबड आहे, एस.टी.त चढवताना कंडक्टर बघत राहतो, आणि पुतणी प्रत्येक प्रवासात कुरकुर करते. पण हात जागचा हलत नाही. खर्च त्या जाहिरातीच्या निम्म्याहूनही कमी आला.

ती जाहिरात अजून चालू आहे, दुकानाचं नाव बदलून आणि किंमत ७,९९९ करून. ओळखायची खूण सांगतो. फोटोतल्या स्कोपवरची अक्षरं नीट बघा, ती आरशात बघितल्यासारखी उलटी आहेत. कुठल्या तरी परदेशी दुकानाचा फोटो उचलून डावा-उजवा केलेला दिसतो. असा फोटो समोर आला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला पाठवा. तक्रारीला जोडायला उपयोगी पडेल.