पिग्मी सोडून विमा असलेले बचत खाते: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या दुकानाची बचत वर्षानुवर्षे पिग्मीतून, म्हणजे एजंट दारात येऊन नेत असलेल्या छोट्या रकमांतून, एका पतसंस्थेत जात असे. गेल्या दिवाळीनंतर बाजार थंडावला आणि मुदत संपलेल्या ठेवी वेळेवर मिळत नसल्याची कुजबुज गल्लीत सुरू झाली, तेव्हा आम्ही निम्मी रक्कम एका सरकारी बँकेच्या बचत खात्यात आणि उरलेली टपाल कार्यालयात ठेवली. शेजारच्या काही वडीलधाऱ्यांनाही खाती उघडून दिली. त्यामुळे हा अनुभव त्यांचाही आहे.

खाते उघडण्यापेक्षा विमा समजावण्यातच अधिक वेळ गेला. रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील ठेव विमा व पत हमी महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी हीच मर्यादा १ लाख होती. हप्ता बँक भरते, ग्राहकाला काही द्यावे लागत नाही. बेळगावच्या शाखेत ३ लाख आणि खानापूरच्या शाखेत ३ लाख ठेवले, तरी बँक एकच असल्याने विमा ५ लाखांचाच. मात्र पती-पत्नीचे संयुक्त खाते वैयक्तिक खात्याहून वेगळे धरले जाते. बँकेतून पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यास ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली. २०१९ मध्ये असे निर्बंध आलेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेचे ठेवीदार किती ताटकळले, हे आठवले की त्या तरतुदीचे मोल कळते.

नागरी सहकारी बँकांना हे संरक्षण आहे, पतसंस्थांना आणि सौहार्द संस्थांना (कर्नाटकातील एक प्रकारच्या सहकारी संस्था) नाही. मग त्या बहुराज्यीय, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, का असेनात. आमच्या भागात नेमकी इथेच गल्लत होते. एका मावशींचे पासबुक पाहून मी म्हणालो, "मावशी, ही बँक नव्हे, सौहार्द संस्था आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, तिथं बी काउंटर हाय की, एसी बी हाय!" पिग्मीची प्रथा १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली, त्यामुळे दारात येऊन पैसे नेणारा माणूस बँकेचाच, हा समज जुना आहे.

बँकेच्या खात्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. यूपीआयमुळे दुकानाचा व्यवहार सोपा झाला. परंतु पासबुक छापण्याचे यंत्र बऱ्याचदा बंद असते आणि अर्ज कन्नड व इंग्रजीत असल्याने वयस्कर माणसांना सोबत लागतेच. ठरावीक रकमेवरील शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळवण्याची सोय घेतली, तर व्याज थोडे वाढते. मात्र नोंदींचा घोळ होतो, आणि ती ठेवही त्याच ५ लाखांत मोजली जाते.

टपाल कार्यालयाचे बचत खाते मला अधिक पसंत पडले. किमान ५०० रुपयांत खाते उघडते, व्याज ४ टक्के आहे आणि पाठीशी केंद्र सरकारची हमी असल्याने ५ लाखांचा प्रश्नच उद्भवत नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा: व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळते, म्हणून पैसे त्याआधी भरावेत.

पतसंस्थेच्या ठेवीपेक्षा व्याज कमी मिळते, हे खरेच. औषधपाणी आणि मुलांच्या फीचे पैसे मात्र मी यापुढे विमा किंवा सरकारी हमीबाहेर ठेवणार नाही. खाते उघडतानाच वारसाचे (नॉमिनीचे) नाव लावून घ्यावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला जास्तीत जास्त चार जणांची नावे देता येतात.