हॉलमधला स्टिरिओ की टेबलावरचे स्टुडिओ मॉनिटर? आधी कान कुठे असणार ते मोजा

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, की घरी नीट गाणी ऐकायचीत तर अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेऊ, का सरळ स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग तपासायला वापरतात ते स्पीकर, घेऊ, कारण मॉनिटर म्हणे खरा आवाज देतात आणि वेगळ्या अँपचे पैसेही वाचतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. हॉलमध्ये बाबांच्या वेळचा स्टिरिओ अँप आणि साडेसहा इंची वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनचे, बुकशेल्फ, आणि आतल्या खोलीत टेबलावर यामाहाचे एचएस५ मॉनिटर. मध्ये एक महिना मी मुद्दाम दोघांची जागा बदलून बघितली, मॉनिटर हॉलमध्ये आणि बुकशेल्फ टेबलावर, आणि त्या महिन्यात जे कळलं ते आधीच्या चार वर्षांत कळलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न ब्रँडचा नाही आणि बजेटचाही नाही. स्पीकरपासून तुमचे कान किती लांब असणार हा आहे. मोजपट्टी घ्या आणि खरंच मोजा. कॉम्प्युटरसमोर बसून ऐकणार असाल, अंतर एक ते सव्वा मीटर असेल, तर मॉनिटर. सोफ्यावर बसून, अडीच-तीन मीटरवरून, घरातली माणसं येता-जाता ऐकणार असतील तर अँप आणि स्पीकर. दहापैकी आठ जणांचा निर्णय माझ्या मते इथेच होतो, पुढचं सगळं हे असं का याचं उत्तर आहे.

मॉनिटर आणि घरातला स्पीकर या दोन वेगळ्या जाती आहेत असं लोक समजतात ते मात्र खरं नाही. पांढऱ्या कोनचा यामाहा एनएस-१० स्टुडिओच्या फोटोंमध्ये सगळीकडे दिसतो ना, तो १९७८ साली घरात ऐकायचा बुकशेल्फ म्हणून बाजारात आला होता. घरच्या ऐकणाऱ्यांना तो फारसा आवडला नाही पण इंजिनिअर लोकांनी उचलून धरला, कारण मिक्समधली चूक तो लगेच दाखवायचा आणि त्याच्यावर बरं वाजलेलं गाणं कुठेही बरं वाजायचं. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, टोचतो म्हणून लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे, पण स्पीकर बदलायचे नाहीत. २००१ पर्यंत तो बनत होता. उलटा प्रवास एलएस३/५ए चा, बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा मॉनिटर म्हणून बनवलेला, आणि आज तो लोकांच्या दिवाणखान्यात जपून ठेवलेला असतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडात आणि मग हरमन या ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवून जे दाखवून दिलं ते हेच, की समोरून सपाट, म्हणजे कुठलाही सूर न फुगवणारा, आणि बाजूने गुळगुळीत उतरत जाणारा आवाज बहुतेक सगळ्यांना आवडतो, मग डब्यावर मॉनिटर लिहा नाहीतर हायफाय. त्यामुळे "मॉनिटर कोरडे असतात, गाणी ऐकायला मजा येत नाही" हे कोणी सांगितलं तर सोडून द्या. चांगला मॉनिटर गाणी ऐकायलाही चांगलाच असतो.

मग फरक कशात आहे तर बांधणीत आणि वापरात. बहुतेक मॉनिटरच्या पोटातच अँप असतो, आणि बऱ्याच मॉनिटरमध्ये एक नाही दोन. एचएस५ मध्ये पाच इंची वूफरला ४५ वॅट आणि एक इंची ट्वीटरला २५ वॅट असे वेगळे अँप आहेत. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आवाज वूफरला आणि वरचा ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, ते अँपच्या आधी बसतं, आणि बनवणाऱ्याला अँप आणि ड्रायव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटर, दोन्ही माहीत असल्यामुळे तो जोडी जुळवूनच देतो. घरच्या पॅसिव्ह, म्हणजे पोटात अँप नसलेल्या, स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर डब्याच्या आत, अँप बाहेर, आणि जुळवायची जबाबदारी तुमची. इथे दुकानदार तुम्हाला वॅटच्या मागे लावतो. लागू नका. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर म्हणजे तो एका वॅटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल देतो, आणि घरात आपण गप्पा मारता मारता जे ऐकतो ते सोफ्यापाशी ७०-७५ च्या आसपास असतं, म्हणजे बहुतेक वेळ तुमचा अँप एक वॅटसुद्धा खर्च करत नाही. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. चांगला ३०-४० वॅट आरएमएसचा, म्हणजे तेवढे वॅट सतत देऊ शकणारा, अँप घराला पुरून उरतो, आणि पीएमपीओ लिहिलेल्या हजारोंच्या फुगवलेल्या आकड्याकडे बघायचंच नाही.

आता अदलाबदलीचा महिना. एचएस५ हॉलमध्ये, सोफ्यापासून तीन मीटर. टेबलावर जो गळा समोर बसून गातोय असं वाटायचं तो तिथे बारीक झाला, आवाज वाढवला तर कर्कश वाटायला लागला, आणि डग्गा जवळजवळ गेला. यात स्पीकरची चूक नाही. पाच इंचाचा वूफर आहे, यामाहाचे स्वतःचे आकडेच ७४ हर्ट्झला ३ डेसिबल खाली आणि ५४ ला १० डेसिबल खाली असे आहेत, तो जवळून ऐकायला केलाय. लांब गेल्यावर स्पीकरचा सरळ आवाज कमी आणि भिंतींवरून आलेला जास्त ऐकू येतो आणि आमच्या हॉलमध्ये टाइल्स, काचेची सरकती खिडकी आणि उघडी भिंत एवढंच आहे. हॉलमध्ये मॉनिटरच हवे असतील तर सात-आठ इंचाचे मोठे घ्यावे लागतील, मग पैशाचा हिशोब पुन्हा मांडा.

आणि बुकशेल्फ टेबलावर आणले तेव्हा उलटं झालं. अडीच फुटांवरून ऐकताना तबल्याची चाट वरून आणि डग्ग्याचा घुमारा खालून असे दोन वेगळे ऐकू यायला लागले, एकच माणूस वाजवतोय असं वाटेना. वूफर आणि ट्वीटर यांचा आवाज मिसळायला थोडं अंतर लागतं आणि माझे स्पीकर हॉलच्या अंतरासाठी केलेत. त्यात मागे पोर्ट, म्हणजे डब्यातली हवा बाहेर सोडणारं भोक, टेबल भिंतीला टेकलेलं, त्यामुळे खालचा सगळा आवाज फुगला. भिंतीच्या अगदी जवळ ठेवलं की खालचे सूर ५-६ डेसिबलपर्यंत वाढू शकतात. मॉनिटरच्या मागे यासाठी छोटा स्विच असतो, एचएस५ वर रूम कंट्रोल, जेबीएलच्या ३०५पी वर बाउंड्री ईक्यू, तो भिंतीजवळ ठेवलेल्यांनी वापरायचा. मी तो दोन वर्षं शून्यावरच ठेवला होता, खाली केला त्या दिवशी तंबोऱ्याची जवारी पहिल्यांदा नीट सुटी ऐकू आली.

खोलीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक स्पीकरवर पन्नास हजार घालतात आणि खोलीवर शून्य. माझी आतली खोली दहा बाय दहा फूट, छत साडेनऊ. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तीन मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या जवळ तो स्वतःशीच जुळतो आणि घुमतो. माझ्याकडे लांबी, रुंदी, उंची तिन्ही जवळपास सारखी म्हणजे एकाच सुरावर तीनदा मार. मोबाईलवर एकच सूर वाजवणारं टोन जनरेटर अॅप स्पीकरवर लावलं आणि ४० पासून १०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू नेला, खोलीच्या मधोमध उभा होतो तेव्हा ५५-६० ला आवाज गायब झाला, आणि भिंतीला पाठ लावली तेव्हा त्याच सुरावर कपाटाचं दार थरथरायला लागलं. स्पीकर तोच, सेटिंग तेच, मी फक्त दीड मीटर मागे सरकलो होतो. हे एकदा स्वतः करून बघा, मग महागडी केबल घ्यावी का असले प्रश्न पडणार नाहीत. मी खुर्ची मधोमध न ठेवता समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणली, सुरुवात करायला ही जागा बरी असते, मग तिथून वीतभर मागे-पुढे करत कानाने ठरवायचं.

वरच्या सुरांसाठी टाळी वाजवा. टाळीनंतर झर्र असं धातूसारखं काही ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. आजीच्या दोन जाड गोधड्या मी स्पीकर आणि खुर्चीच्या मधे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावल्या, जमिनीवर सतरंजी, मागे पुस्तकांचं कपाट, आणि तो झर्र गेला. गोधडीने खालचा घुमारा जात नाही हेही सांगतो, त्याला फुटभर जाड काहीतरी लागतं, कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी थोडं काम करते. मापाचं कुतूहल असेल तर आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक मापाचा माइक घेऊन सगळं आलेखात दिसतं, पण कान आणि टाळी यांनीच बरंच पुढे जाता येतं.

मांडणी दोघांची सारखीच. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलावर मॉनिटर कानापेक्षा खाली येत असतील तर खाली जाड पुस्तकं ठेवा किंवा मागून कलंडवा, नाहीतर टेबलाच्या पृष्ठभागावरून उडालेला आवाज गळ्यात मिसळतो. हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या कप्प्यात स्पीकर कोंबू नका, स्टँडवर बाहेर काढा. पॅसिव्हला वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड किंवा अडीच चौरस मिमीची तांब्याची, तीन-चार मीटरला काहीच हरकत नाही. लाल-काळं मात्र नीट तपासा, एका स्पीकरचं उलटं लागलं तर खालचा आवाज पातळ होतो आणि गाणारा मधोमध न दिसता सगळीकडे पसरतो.

मॉनिटरच्या रोजच्या वापरात जे कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. प्रत्येक डब्याला वेगळी पॉवर केबल, म्हणजे दोन प्लग, आणि बहुतेकांना रिमोट नाही, व्हॉल्यूमचा खटका मागे. आवाज कमी-जास्त करायला ऑडिओ इंटरफेस किंवा व्हॉल्यूम असलेला डॅक, म्हणजे कॉम्प्युटर आणि स्पीकरच्या मधला डबा, लागतो, हा खर्च "अँपचे पैसे वाचले" मधून वजा करा. मला पहिल्याच आठवड्यात सतत हम, म्हणजे घुंss असा विजेचा आवाज, यायचा, मी स्पीकर बदलून आणायला निघालो होतो, मग इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. ती जोडली, इंटरफेस आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशनवर घेतले, बाहेरचा आवाज न घेणारी बॅलन्स्ड केबल टाकली, हम बंद. रात्री अगदी शांततेत कान जवळ नेला तर काही मॉनिटरचा हलका सूं ऐकू येतो, टेबलावर काम करणाऱ्याला चालतो, शेजारी झोपणाऱ्याला कदाचित नाही. काही मॉडेल बारीक आवाज असला की आपोआप झोपतात, रात्री हळू आवाजात आलाप ऐकणाऱ्याने ते बंद करता येतं का हे घ्यायच्या आधी बघावं.

याउलट हॉलच्या अँपवर आई स्वतः रिमोटने सकाळी अभंग लावते, टीव्ही जोडलाय, बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आहे, आणि लाउडनेसचं बटण आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, ते बटण तेवढं भरून काढतं, ते लावण्यात कमीपणा नाही. मॉनिटरवर असं काही नसतं, त्यामुळे पहाटे अगदी हळू ऐकलं तर तो पातळच वाटणार. जुन्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डिंगमधली खरखर मॉनिटर जवळून तुमच्यासमोर उघडी करून ठेवतो, मला ती आवडते कारण तिच्यामागून ऑर्गनचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आईला अजिबात नाही.

टिकण्याच्या बाबतीत मी पॅसिव्हच्या बाजूने आहे. अँप गेला तर अँप बदला, स्पीकर वीस-पंचवीस वर्षं जातो. मॉनिटरचं आतलं बोर्ड गेलं की डबाच निकामी, आणि सुटा भाग मिळेपर्यंत एकच स्पीकर वाजतो. म्हणून सर्व्हिस जवळ असलेलं घ्या. कोलकात्याची सोनोडाइन घरचे स्पीकरही बनवते आणि मॉनिटरही, भारतात असल्यामुळे ती यादीत ठेवायला हरकत नाही.

आता ठरवायचं कसं. रेकॉर्डिंग, एडिटिंग, पॉडकास्ट, रियाजाची रेकॉर्डिंग तपासणं यातलं काहीही करत असाल, किंवा एकटे टेबलावर ऐकत असाल तर मॉनिटर, पाच इंची पुरतात, दहा बाय दहात आठ इंची आणू नका, खोली घुमेल. घर ऐकणार असेल तर अँप आणि पॅसिव्ह. दोन्ही हवंय आणि पैसे एकाचेच असतील तर ज्या जागी दिवसाचे जास्त तास बसता ती जागा जिंकली.

जुनी जोडी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला बघायला गेलात तर वूफरभोवतीची कडा आधी बघा. फोमची असेल तर बोटाने अगदी हलकं दाबा, आपल्या दमट हवेत ती भुगा होऊन हाताला लागते, रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. मग तुमच्याच मोबाईलवरून फक्त तंबोरा आणि गळा असलेलं काहीतरी लावायला सांगा, डोळे मिटा, गाणारा दोन डब्यांच्या बरोबर मधोमध बसलेला ऐकू येतोय का बघा, आणि मग दोन्ही ट्वीटरला एकेक करून कान लावा. एक बंद असतो आणि विकणाऱ्यालाही माहीत नसतं, असं मला दोनदा सापडलंय.